लॅटिनच्या पायावर डॉक्टर

२ जून
ओर्तेन्सियाला डॉक्टर व्हायचंय. माझ्या मुलीला! सप्टेंबरात मेडिकलची प्रवेश परीक्षा. आरेत्झोच्या शाळेत इतकी वर्षं लॅटिन शिकवलं, त्याचं आता चीज होणार. निम्मं शरीरशास्त्र लॅटिनच. उरलेलं ग्रीक. तेही मला येतं. काळजी मिटली.

९ जून
श्रीगणेशा केला. मसल म्हणजे मूळ ‘मुस्कुलुस’, छोटा उंदीर. दंड फुगवून दाखवला. म्हणाली, "बाबा, पेपरात उंदीर नाही, मोल विचारतात." मोल हे केमिस्ट्रीतलं काहीतरी असतं म्हणे. बायको, लोरेदाना, मध्ये पडली : केमिस्ट्रीची शिकवणी लावू या. साफ नकार दिला. पाया पक्का असला की भिंती आपोआप चढतात.

१ जुलै
उकाडा. मुलगी गुणी. सकाळी लॅटिन, कुरकुर नाही. दुपारी मावशीकडे जाते, दमून येते. मावशी बोलतेच तेवढी.

१८ जुलै
चौकात कॉफी. आमच्या शाळेच्या केमिस्ट्रीच्या बेल्लांदीबाई भेटल्या. लॅटिनला मढं म्हणणाऱ्या त्याच. म्हणाल्या, "सर, लेक हुशार आहे हो तुमची. रोज दुपारी वेळेवर हजर!"
कॉफीत साखर घालायची राहिली. तशीच प्यायलो.

संध्याकाळी
लोरेदाना म्हणाली, "मीच पाठवते. तुला सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?" मावशीही सामील. लेक म्हणे, "तुझं मन मोडायचं नव्हतं, बाबा." मोडलंच, तेही पाठीमागून. आजपासून अबोला.

२० जुलै
अबोला मागे. न बोलता लॅटिन शिकवता येत नाही.

६ सप्टेंबर
परीक्षा झाली. लॅटिनवर एकही प्रश्न नाही. पेपर काढणारे अडाणी.

२९ सप्टेंबर
पास! जेवताना ओर्तेन्सियाने पहिला ग्लास बेल्लांदीबाईंच्या नावाने उचलला. मग आईच्या. मग मावशीच्या. माझी पाळी आली तेव्हा पास्ता आला.
असो. पाया कुणाला दिसतो?

१९ ऑक्टोबर
सिएनाहून फोन. कॉलेजचा पहिला आठवडा. "बाबा, एक अडलंय." वाटलंच होतं! थांब म्हटलं. कोश काढला, चष्मा लावला. विचार, म्हटलं.
"पांढऱ्या कोटावर टोमॅटोचा डाग पडलाय. आई फोन उचलत नाहीये."
गार पाण्यात भिजव, म्हणालो. ते तिने आधीच केलं होतं.