कस्तुराने ओढलं तेव्हा

मोशी,
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. विजयश्रीस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. रुसली असलीस तरी घे. रुसलेल्या माणसाला आशीर्वाद लागू पडत नाहीत असं मी कुठे ऐकलेलं नाही.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या दादाची या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, त्यामुळे संध्याकाळी टीव्ही माझा. तुझे तळहात कसे आहेत? साल निघालंय तिथे हळद चोपडत बसू नकोस, खोबरेल लाव. देहूरोडला पाणी नीट येतं का? आमच्या सोसायटीत पुन्हा टँकर सुरू झालेत.

कागदावर का लिहिते म्हणशील. रविवारपासून तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर "बरी आहेस ना" एवढंच विचारलं, तर ते तुमच्या टीमच्या ग्रुपवर फिरलं, वर "बघा, आता गोड बोलायला लागल्या" असं लिहून. मला तुमच्यातल्याच एकीने दाखवलं. कागदाचाही फोटो काढता येतो, ते कळतं मला. पण एवढ्या पानांचे फोटो काढायचा तुला कंटाळा येईल. तू मुळात आळशी.

आता कामाचं. कंपन्यांच्या स्पर्धेची फायनल हरल्यावर तू स्पर्धेच्या समितीकडे तक्रार दिलीस, की आमच्या कंपनीच्या महिला टीममध्ये कस्तुरा नावाचा "पुरुष खेळाडू" आहे, म्हणून रस्सीखेचीचा निकाल रद्द करा. तक्रार करणं तुझा हक्क आहे. पण तो शब्द नको होता गं. तिचं ऑपरेशन झालंय, कित्येक वर्षं हार्मोनच्या गोळ्या घेते, आधार कार्डावर बाई आहे. आमच्या वायरिंगच्या लाइनीवर ती माझ्या शेजारी काम करते. नवीन आली तेव्हा बायकांच्या बाथरूममध्ये जायला लागू नये म्हणून तिने शिफ्टभर पाणी पिणंच सोडलं होतं. चक्कर येऊन पडली तेव्हा आम्हाला कळलं. मग मी तिच्याबरोबर जायला लागले, दारात उभी राहायचे. हळूहळू बाकीच्यांना सवय झाली.

टीममध्ये तिला मीच घेतलं. आठ जणींचं मिळून वजन ठरलेल्या मापात बसावं लागतं, हे तुला काय सांगायचं, तू फायनलआधी नुसती काकडी खाऊन होतीस. आमच्यातली एक बाळंतपणाला गेली आणि तिच्या जागी मापात बसणारी कस्तुराच निघाली. आम्हाला शिकवतात ते सोपानराव मोशीचे जुने पैलवान. जमिनी गेल्या, आखाडा गेला, पण माणसांना घाम काढायला लावायचा नाद सुटला नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पोरगी मन लावून वढती न्हवं? मग मला दुसरं काय बघायचं न्हाई."

आणि ताकदीचंच म्हणशील तर आमच्या टीममधली सोजराबाई बघ. उसाच्या फडात वाढलेली, आमच्यातल्या दोघींचं काम एकटी करते. तिच्याविरुद्ध कुणी तक्रार करत नाही. मग रेघ मारायची कुठे?

हे सगळं मी समितीपुढे बोलायचं ठरवलं होतं. शनिवारी सुनावणी आहे आणि मलाही बोलावलंय. आरशासमोर म्हणूनही पाहिलं. छान जमलं होतं. पण काल सोपानराव म्हणाले, "तनुजा, तू दोराच्या शेवटाला हायेस. कोण किती वढतंय ते तुलाच कळतंय. समिती तुलाच इचारणार बघ." तेव्हापासून माझं लक्ष ठिकाणावर नाही. आमटीत दोनदा मीठ टाकलं.

कारण मला खरंच कळतं, विजू. कस्तुरा माझ्या पुढ्यात उभी असते. तिच्या टाचा मला दिसतात. सराव संपला की मैदानात आमच्या सगळ्यांच्या टाचांचे खड्डे पडलेले असतात आणि तिच्या जागी नुसतं खरवडलेलं. ती ओढते, पण राखून. सरावाच्या पहिल्या दिवशी तिने एकदाच सगळा जोर लावला होता. दोर असा झपकन माझ्याकडे आला की मी मागे बसलेच. सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, हा तर गडी निघाला!" चेष्टेत म्हणालं, पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या टाचा मातीत जायच्या बंद झाल्या. मी पाहिलं आणि बोलले नाही. वाटलं, तिचं तिला.

फायनलला पहिली फेरी तुम्ही जिंकलात. दुसरीत आमचे पाय घसरायला लागले. तू समोर दातओठ खाऊन ओढत होतीस आणि मला हरायचं नव्हतं. तुला हरवायचं होतं. नणंद म्हणून नाही. बरं, थोडं नणंद म्हणूनही. मी ओरडले, "कस्तुरा, आता तरी ओढ!" आणि तिने ओढलं. तिसऱ्या फेरीतही ओढलं. पुढचं तुझ्या तळहातांना माहीत आहे.

शनिवारी मला विचारतील, ती जास्त ओढते का. नाही म्हटलं तर खोटं. हो म्हटलं तर तिला मीच बाहेर काढल्यासारखं होईल, आणि ती रोज माझ्याच शेजारी उभी राहून वायरी जोडणार. तू तक्रार मागे घेतलीस तर मला तोंड उघडावंच लागणार नाही. एवढं सांगायला हे सगळं पुराण.

पत्र दादाबरोबर पाठवते. उघडू नको म्हणून बजावलंय. म्हणजे उघडेलच.

तुझी, झोप उडालेली,
वहिनी


देहूरोड,
शुक्रवार, १३ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. तळहात बरे आहेत. दादाने पत्र उघडलं होतं, पाकिटाचा डिंक ओला होता.

तक्रार मी मागे घेणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना आशा लावून बसायला नको.

तो शब्द चुकला. आमच्या मॅनेजरांनी सांगितला, पण सही माझी आहे, तेव्हा चूक माझी. समितीला तो खोडायला सांगणार आहे. तिच्यावर माझा राग नाही.

पण सोजराबाईचं उदाहरण मला देऊ नकोस. तिची ताकद उसाच्या मोळ्या उचलून आलीय. मीही त्याच फडातून आले असते तर तशीच झाले असते, म्हणून ती मला मान्य आहे. कस्तुराची कुठून आली ते सगळ्यांना माहीत आहे आणि गोळ्यांनी किती गेली ते कुणालाच माहीत नाही. यात तिचा दोष नाही. पण माझाही नाही ना?

तुझ्या पत्रातलं एक वाचून मात्र माझं डोकं फिरलं. ती राखून ओढत होती! गावाकडे दादा आणि मी कासऱ्याने रस्सीखेच खेळायचो. तो आधी मला ओढू द्यायचा. मी घामाघूम व्हायचे, वाटायचं जिंकतेय. मग तो हसत हसत एका हाताने मला फरफटत न्यायचा. दुसऱ्या फेरीत मला हातातच कळलं, हे तेच आहे. मी हरले म्हणून रडले नाही, वहिनी. इतका वेळ मला ओढू देत होते म्हणून रडले. तिने पहिल्या फेरीपासून सगळा जोर लावला असता तर मी हरले असते, तक्रारही केली असती, पण रडले नसते.

दादाला दूध आणि मला ताक, असं वाढले मी. सासूबाई अजून विचारतात, बाईने दोर ओढून काय मिळवायचं. सगळ्यांशी भांडून मैदानावर येते ती एवढ्यासाठी, की तिथे तरी समोर आपल्या बरोबरीचं कुणी असावं. जास्त मागतेय का मी?

शनिवारी खरं बोल. खोटं बोललीस तर मला कळेल. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

विजयश्री

(नणंद म्हणून हरवायचं होतं, ते वाचलं. घरी ये, मग बघते.)


मोशी,
मंगळवार, १७ फेब्रुवारी

चि. विजू,

अनेक आशीर्वाद. निकाल तुला कळलाच आहे. दार बंद करून आत काय झालं, ते कळलं नसेल.

मी खरं बोलले. समितीच्या साहेबांनी विचारलं, "ती इतर महिलांपेक्षा जास्त जोर लावते का?" मी म्हटलं, "कधी?" ते हसले. मग सगळं सांगितलं. सरावात आणि आधीच्या सगळ्या सामन्यांत ती आमच्यापेक्षा कमी ओढत होती, हे सांगितलं. शेवटच्या दोन फेऱ्यांत सगळ्यांपेक्षा जास्त ओढलं, हे सांगितलं. मी ओरडले म्हणून ओढलं, हेही सांगितलं. लिहिणाऱ्याने त्यातलं मधलं तेवढं लिहून घेतलं.

कस्तुरा शेजारच्याच खुर्चीवर होती. तुम्हाला काही म्हणायचंय का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, "ताई म्हणते ते बरोबर आहे." वर बघितलं नाही.

मग झालं ते असं, की वरून नियम येईपर्यंत तिने महिला गटात खेळायचं नाही आणि फायनल पुन्हा घ्यायची. समितीला तरी काय बोल लावणार? त्यांना दोन्हीकडून भीती. तुझंही चुकलं म्हणता येत नाही. माझंही नाही, असं मी दिवसभर स्वतःला सांगते आणि मला ते पटत नाही.

बाहेर गेटपाशी मी तिला गाठलं. वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ताई, तू ओरडलीस ना, तेव्हा मला एवढं बरं वाटलं! आधी अंगात जोर होता तर पोरं म्हणायची, असा लचकत का चालतोस. बाई झाले तर जोर लपवत बसले. त्या दिवशी पहिल्यांदा बायकांच्यात उभी होते आणि सगळा जोर लावला. दोन्ही एकदम." मग म्हणाली, "आता ते परत नाही मिळायचं." आणि रिक्षात बसून गेली.

रविवारी महाशिवरात्र होती. रताळी उकडून तिच्या खोलीवर घेऊन गेले, तर कुलूप. काल लाइनीवर आली नाही. सुपरवायझरला निरोप नाही. आज मी रजा टाकून सकाळी पुन्हा जाऊन आले, कुलूपच. घरमालकीण म्हणते, शनिवारी संध्याकाळी बॅग घेऊन गेली. कुठे, ते तिलाही माहीत नाही. गावाशी तर कस्तुराचा संबंधच उरलेला नाही. सोपानराव म्हणतात, "यील गं, दमली आसंल पोरगी." पण तेही दोनदा तिच्या खोलीकडे चक्कर मारून आले, मला घरमालकिणीनेच सांगितलं. पोलिसांत जाऊ म्हटलं तर दादा म्हणतो, मोठी बाई आहे, बॅग घेऊन गेलीय, ते काय लिहून घेणार. तरी संध्याकाळी जाणार आहे.

मला भीती वाटते, विजू. कसली, ते लिहायला हात धजत नाही.

तिचा फोन लागतो. वाजून वाजून बंद होतो. माझा उचलत नाही, सोजराबाईचा नाही, सोपानरावांचा नाही. आमचे सगळ्यांचे नंबर तिच्याकडे आहेत. तुझा नाही. अनोळखी नंबर ती उचलते, तिच्या गोळ्यांचं पार्सल घेऊन येणाऱ्याचा असतो म्हणून. तेवढा एकच दरवाजा मला दिसतोय.

तू मला जे लिहिलंस ते तिला सांग. तक्रार मागे घेतली असं खोटं सांगू नकोस. ती तशीच आहे, हे आधी सांग. गोड बोललेलं तिला लगेच कळतं, फोन ठेवून देईल. तुला रडू आलं ते तिच्या जोरामुळे नाही, तिने तो लपवला म्हणून, हे सांग. आमच्यापैकी कुणी सांगून तिला पटायचं नाही. समोरून हरलेलीने सांगितलं तर कदाचित पटेल. मी तुझ्यावर काय टाकतेय ते मला कळतंय. दुसरं कुणी नाही गं.

तुझा मोबाईल शिफ्ट सुटेपर्यंत लॉकरमध्ये असतो, म्हणून दादालाच तुमच्या कंपनीच्या गेटवर उभं केलंय. त्याची या आठवड्यात नाइट आहे. हे पत्र आणि तिचा नंबर त्याच्याकडे दिलाय. मोबाईल हातात आला की पहिला फोन तिलाच लाव, तिथेच, त्याच्यासमोर. कंपनीची बस गेली तर जाऊ दे, दादा सोडेल घरी. तिने उचलला तर काय बोलली ते मला कळलं नाही तरी चालेल. उचलला, एवढंच दादाला सांग. तो मला मिस्ड कॉल देईल.

मोबाईल हातात धरून बसले आहे.

तनुजा