गुंडाची घोंगडी

परराष्ट्रमंत्री साहेब,

मंगळवेढ्याला आमच्या दारात बिरोबाचा भंडारा उचलून तुमी शब्द दिला व्हता, की परदेशासंगं करार झाल्याबरोबर तितं डांबलेल्या माझ्या पोराला, गुंडाला सोडवून आणतो. मालकाकडं पासपोर्ट परत मागणाऱ्या कामगारांसंगं त्यो उभा ऱ्हायला, एवढाच त्याचा गुन्हा. तुरुंगात त्याला पांघरायला म्हणून मी तुमच्या हातात लाल काठाची घोंगडी दिली. तिची लोकर मीच कातली व्हती.

काल टीव्हीवर करार बघितला. कैद्यांचं नावबी निघालं न्हाय. तुमी हसत हसत तितल्या मंत्र्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली. काठ मी लगेच वळखला.

भंडारा उचलून शब्दाला फिरलेला माणूस आमच्यात कुणी बघितला नव्हता.

हे पत्र मी धाडत न्हाय. तुमी त्येबी त्यालाच भेट द्याल.

गुंडाची आई,
फुलाबाई