परतलेला सरदार

मंगळवार, संध्याकाळ. पिपरी मेघे

"पोरीले काऊन दारात उभं ठेवलं बाप्पा त्यानं?" माझ्या लहानपणी एक ऐतिहासिक कादंबरी मिटताना आई म्हणाली होती. लढाईला गेलेला सरदार परतत नाही, नायिका दारातच राहते. आईसाठीच मी पुढचा भाग लिहिला. सरदाराला परत आणलं.

आज तो छापायची परवानगी मागायला त्या कादंबरीच्या लेखकाच्या मुलीला आर्वीला फोन केला. "ताई, बाबा घर सोडून गेले तवा माही आई अशीच दारात उभी राह्यली. ते नाई आले. तुमचा बरा येऊन राह्यला!" म्हणाल्या आणि हो-नाही न सांगता त्यांनी फोन ठेवला.

तेव्हापासून ते दार डोळ्यांपुढून हलत नाही. कुणाचं दार आहे ते? आईला आता दिसत नाही; रोज त्या सरदाराबद्दल विचारते, "आला का तो?"

उद्या पुन्हा फोन करीन. नाहीच म्हणतील, तरी विचारीन: छापत नाही, फक्त माझ्या आईला एकदा वाचून दाखवू?