आखूड बाहीचे ब्रेक

प्रिय मनू,

फोनवर तू लगेच "आई, थोडक्यात सांग" म्हणतेस, आणि ही गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी नाही. म्हणून पत्र. तुझी सायकल बघायला नगरचे ते डॉक्टर रविवारी येणार आहेत ना, त्याच्या आत हे बंगळुरूला पोचेल असं कुरिअरवाला म्हणाला. शांतपणे वाच. शेवटावर उडी मारायची तुझी सवय आहे, ती आज नको.

तू म्हणाली होतीस, ब्रेक तेवढे बघून घे, गिऱ्हाईक चालवून बघेल. बघितले. भिंतीला टांगून टांगून रबराचे गुटके दगडासारखे झाले होते, आणि मागच्या चाकाला धरणारा चिमटा गंजून उघडाच राहिला होता. साधे नवीन बसवून भागलं असतं. पण मला तू आठवलीस. घाट चढायच्या आधी बाटलीतलं अर्धं पाणी ओतून देणारी आणि "आई, वजन!" असं ओरडून घंटीसुद्धा काढून टाकणारी. हलके ब्रेक घ्यायचं तुझ्या फार मनात होतं, ते राहूनच गेलं. म्हटलं, आपण घेऊ. तुझे बाबा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातून आले होते, ते हसायलाच लागले. म्हणाले, "विकायच्या म्हशीला कुनी नवा गोठा बांधतं व्हय?"

मी मनावर घेतलं नाही. दुपारी शिलाई मशीन बंद करून मोबाईलवर ब्रेक बघायचे. मनू, केवढं जग आहे गं ते! एकाचे हात आतून पोकळ, एकाचे कोरून जाळीदार केलेले, एकाचे स्क्रूसुद्धा निराळ्या हलक्या धातूचे. माणसं चार ग्रॅमवरून भांडतात. आधी हसू आलं, मग मीही त्यांच्यात सामील झाले. शेवटी त्यातले सगळ्यांत हलके, काळे, जाळीदार मागवले. हातात घेतले तर खरंच फुलासारखे. पण लिहिलंय तेवढंच वजन आहे कशावरून? आपला किचनचा काटा साखरेपुरता. मग सरळ गोरक्षशेठ सराफांकडे गेले. रुमालाची घडी उघडली तर ते म्हणाले, "वहिनी, सोनं न्हाई, चांदी न्हाई, मग येवढं जपून काय आनलंय?" म्हटलं, सायकलचे ब्रेक. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आता चपला बी आना तोलायला." पण तोलले बरं का, काचेचं झाकण लावून, वारा लागू न देता. दुकानात नथ घ्यायला आलेल्या दोघीजणी नथ सोडून काट्याकडे बघत होत्या. वजन बरोबर निघालं, आणि मला उगाचच अभिमान वाटला.

आता हस. घरी येऊन बसवायला घेतले तर चिमट्याचे हात रिमपर्यंत पोचेनात. गुटके टायरलाच घासायला लागले. वर-खाली करून बघितलं, स्क्रू सोडून परत आवळले, व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. तुझ्या सायकलची चौकट जरा मोकळी आहे, तिला लांब हाताचे ब्रेक लागतात. मनू, सोनईतल्या निम्म्या बायकांच्या ब्लाउजच्या बाह्या मी कापल्या. गळ्यात चोवीस तास टेप. आणि ब्रेक मागवताना वजन केलं, माप घेतलंच नाही! बाही आखूड पडली. शेजारच्या बनुबाई ओसरीवर बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "येखाद्या मास्तरीनबाईचं असं झालं असतं तर येक वेळ समजलं असतं. टेलरीन असून असं व्हावं?" आणि वर, "थांबायचं सामान घ्यायला येवढी कसली घाई?"

ते परत केले. मग नीट माप घेतलं, ब्रेकच्या बोल्टपासून रिमच्या मध्यापर्यंत, टेपनेच. लांब हातांमधले सगळ्यांत हलके शोधले. फरक म्हणशील तर एका बाहीच्या अस्तराएवढा. चांदीच्या रंगाचे आहेत, जाळी नाही. पण बसले असे, की कापड अंगाला बसावं. केबल मीच ओढली, गुटके मीच सरळ केले. सीटही थोडी खाली घेतली आहे. डॉक्टर उंच आहेत हे तू सांगितलंस ते माझ्या लक्षात आहे.

ब्रेक लागतात की नाही हे बघायला नको का? म्हणून आधी अंगणात, मग पहाटे घोडेगावच्या रस्त्याने. पहिल्या दिवशी उसाच्या ट्रॉलीमागे राहिले, पुढे जायची हिंमत होईना. नंतर झाली. साडी-ड्रेसमध्ये जमेना, म्हणून घट्ट पायांची पँट शिवली. स्वतःसाठी कित्येक वर्षांनी नवं काही शिवलं गं, आणि त्याला खिसाही ठेवला.

आणि काल पांढरीपुलाहून इमामपूर घाट चढले. मधे दोनदा उतरले, एकदा तर तोंडातून तुझ्या आजोबांच्या तोंडच्या शिव्या निघाल्या. पण चढले. वर उभी राहून खाली बघितलं, आणि दोन्ही ब्रेक दोनदा दाबून बघितले. चढणं हिमतीवर होतं, उतरायला भरवसा लागतो. मग बसले, आणि सुटले. वळण आलं की तळहाताने मशीनचं चाक अलगद थोपवते ना मी, टाका चुकू नये म्हणून, तसं धरायचं. दाबायचं नाही. चिमटा रिमला नुसता टेकतो, सायकल ऐकते, आणि पुन्हा सोडायचं. कानात वारा, डोळ्यांत पाणी. एक ट्रकवाला वर चढता चढता हॉर्न वाजवून गेला, चिडून नाही, खूश होऊन. खाली आले तेव्हा मी मोठ्याने हसत होते. एकटीच.

इतके दिवस दर रविवारी मी ही सायकल पुसायचे ती तू परत येशील म्हणून. तू येणार नाहीस हे मला कळलं होतं, तरी पुसायचे. तू विकायला सांगितलीस तेव्हा मी "चांगलं" म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरला. आज ते दुःख शोधते तर सापडत नाही. म्हणून हे पत्र, मनू. डॉक्टरांना फोन कर आणि सांग, येऊ नका, सायकल गेली. कुणी घेतली विचारलं तर माझं नाव सांग, लाजू नकोस. दिवाळीला येशील तेव्हा स्वतःसाठी भाड्याची घेऊन ये, हिला हात लावू देणार नाही. चढावर तुझ्यामागे राहीन. उताराला मात्र मी पुढे.

तुझीच, आणि सध्या थोडी स्वतःचीही,
आई