कोरडा बसवलेला बोल्ट

आबा,

आज सकाळी देवपूजा उरकून मी तुमच्या जीपचं मागचं चाक पुन्हा काढलं. शॉकअप गेलाय. नवा आणून ठेवलाय, पण जुन्याचा खालचा बोल्ट निघत नाही. तीन रविवार झाले. तेल सोडलं, हातोडीनं हळूहळू ठोकलं, पान्याला पाइप लावून जोर केला. नट सुटला, बोल्ट मात्र आतल्या नळीत गंजून एकजीव झालाय. ग्राइंडरनं कापणं तेवढं उरलं होतं, आणि तेच माझ्यानं होत नव्हतं. बारा वर्षांपूर्वी, याच बजाजनगरच्या घरासमोर, तो तुम्ही आवळला होता. महिन्याभरात तुम्ही गेलात. "आबांच्या हातचं ते," तुमची सून चहा ठेवत म्हणाली, "तुमच्यानं निघंल व्हय?" मी हसलो. तिला खरं कुठं ठाऊक आहे?

तुम्ही आयुष्यभर कंपनीत फिटर. कोरडा बोल्ट कधी बसवला नाही. दसऱ्याला पान्यांबरोबर ग्रीसच्या डब्यालाही हळदकुंकू वाहायचात. मी हसलो की म्हणायचात, "हसू नको. पाना एकदाच लागतो, हे रोज राबतंय." हा बोल्ट बसवला त्या दिवशी तुम्ही गाडीखाली आहात, नुसता हात बाहेर. "ग्रीस दे रं." डबा माझ्या मागंच फळीवर आहे. उन्हानं मी कंटाळलोय, सुट्टीची झोप डोळ्यांवर आहे, आणि ग्रीस दिलं की तुम्ही चारही बोल्ट घासून-पुसून, ग्रीस लावून सावकाश बसवणार हे मला माहीत आहे. "संपलंय, आबा." "असं कसं? परवा तर होतं." "नाय, संपलं." हात जरा वेळ तसाच उघडा राहतो. मग तुम्ही म्हणता, "बरं. पुढल्या रविवारी काढून लावू. ध्यानात ठेव." पुढल्या रविवारी तुम्ही दवाखान्यात होतात. तिथंही एकदा विचारलंत, "ग्रीस आणलं का?" मी हो म्हणालो.

अकराच्या सुमारास मी बोल्ट कापला. तुकडा गार होईपर्यंत पायरीवर बसून राहिलो. मला आशा होती की तुम्ही कुठूनतरी बोटभर ग्रीस लावलं असेल. नळीत नुसता तांबडा भुगा निघाला. तुम्ही माझा शब्द खरा धरला होता.

हा कागद मी फळीवर डब्याखाली ठेवतोय. झाकणावरचं कुंकू काळवंडलंय. आतला वरचा थर वाळलाय, खाली अजून मऊ आहे. त्यातलंच लावून नवा बोल्ट बसवला. डबा भरलेला होता, आबा. अजूनही अर्ध्याच्या वर आहे.