उद्या या

१२ जून, गुरुवार

आज आतल्या खुर्चीत बसलो.

याच ऑफिसातून शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालो, आणि घरी करमेना म्हणून याच ऑफिसात बाहेरच्या टेबलाशी मानधनावर बोनाफाईड लिहीत बसलो. आणि आता अधीक्षक! कार्यालय अधीक्षक — अडुसष्टाव्या वर्षी! आधीचे अधीक्षक पेंडसे मुलाकडे पुण्याला कायमचे गेले. संस्थेचा सचिव सुदेश म्हणाला, "काका, बाहेरचा माणूस कशाला? तुम्हीच बघा आता." याच्या दहावीचा फॉर्म मीच भरला होता. तेव्हा सहीसुद्धा धड येत नव्हती.

खुर्ची फिरते. मला असल्या खुर्च्या मानवत नाहीत. पण फिरून बघितलं. कुणी नव्हतं.

रंभा शिपाई दारात उभी राहिली. "आता भाऊसाहेब म्हणू की साहेब?" म्हटलं, भाऊसाहेबच म्हण. "मग चहा बाहेर ठेवू की आत?" आत म्हणालो. लगेच म्हणालो!

घरी ही म्हणाली, "पगार वाढला का?" नाही म्हटलं. "मग काय वाढलं?"

 

१४ जून, शनिवार

काम समजून घेतलं. मुख्याध्यापक संस्थेच्या तीन शाळा सांभाळतात. इथे मोहन्याच्या शाळेत आठवड्यातून दोनदा येतात, मी पुढे ठेवीन त्या कागदावर सही करतात आणि जातात. म्हणजे कागद ठेवणारा मीच.

पूर्वी शाळा सोडल्याच्या दाखल्याला पुस्तक होतं, कार्बन होता, गोल शिक्का होता. शिक्का मारताना टेबल हलायचं. आता सरकारच्या पोर्टलवर आपण मुलाचं नाव सोडायचं, तेव्हा कुठे दुसऱ्या शाळेला ते घेता येतं. पासवर्ड माझ्याकडे. चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून एकदाचं आत शिरलो. एक बटण आहे. एवढंसं.

१६ जून, सोमवार

शाळा उघडली.

आमच्या लहानपणी कारखान्याचा भोंगा आणि शाळेची घंटा एकाच सुमारास व्हायची. वडील फाटकातून तिकडे आत, आम्ही इकडे. गुरुजी पेटीशिवाय कविता लावायचे. प्रत्येक कवितेला चाल. सगळा वर्ग डोलायचा, पाठ कधी झाली ते कळायचंच नाही. अर्थ मागाहून कळला. काहींचा तर साठी उलटल्यावर! अजूनही रिक्षात बसलं की एखादी ओळ आपोआप ओठावर येते. आणि पुढची ओळ आठवेपर्यंत आंबिवली मागे पडतं.

आता भोंगा नाही, कारखाना नाही. चाळी अर्ध्या ओस. दहावीच्या वर्गात मागचे बाक भिंतीला टेकवून एकावर एक रचलेत. जी मुलं आहेत ती पुढे येऊन बसतात. बरंच वाटतं बघायला, जवळ जवळ बसलेली.

शिवानी मॅडम मराठी शिकवतात. मुलगी चांगली आहे, जीव तोडून शिकवते. पण कविता नुसती वाचते — सपाट. मधल्या सुट्टीत म्हटलं, याला फार सुंदर चाल आहे, म्हणून दाखवू? हसल्या. "काका, चालीला मार्क नाहीत."

१८ जून, बुधवार

सुदेश येऊन गेला. दार लावून बसला.

"काका, दहावीची तुकडी काठावर आहे. सप्टेंबरअखेरच्या पटात एक नाव जरी कमी दिसलं तरी तुकडी गेली. शिवानी मॅडम अतिरिक्त ठरणार. कुठे मोखाड्याला नाहीतर जव्हारला टाकतील त्यांना. मग नववी जाईल. मग शाळाच बंद करा."

मी विचारलं, पण कुणी दाखला मागितला तर?

"द्यायचा की. सप्टेंबरनंतर."

"आणि आधी?"

"नाही म्हणायचं नाही हं काका. नाही म्हटलं की लोक तक्रारी करतात. उद्या या म्हणायचं. पेंडसेकाका हेच करायचे, तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. बाहेरच्या टेबलाशी बसून रोज ऐकत होतो. पण बाहेरून ऐकलं की ते दुसऱ्याचं वाटतं.

२३ जून, सोमवार

आज सहदेव आला. समीक्षाला घेऊन.

सहदेवचे वडील आणि माझे वडील कारखान्यात एकाच पाळीत. हा स्वतः पुढे तिथेच कंत्राटावर होता, ते काम गेल्यापासून मिळेल ते करतो. आता ठाण्यात माजिवड्याला एका टॉवरमध्ये वॉचमन लागलाय. तिथेच पाण्याच्या पंपाशेजारी खोलीही दिली आहे. "बायकोला पण तिथंच धुण्याभांड्याचं मिळालं, साहेब. तिकडची शाळा हिला घेते म्हणाली. फक्त दाखला आणा म्हणाले."

समीक्षा म्हणजे ती — मधल्या सुट्टीत ऑफिसात डोकावून "काका, हिची चाल काय?" विचारणारी. अख्ख्या शाळेत एकटी. आवाज जरा नाकातला, पण सुराला पक्की. नेमकी तीच!

म्हणालो, मुख्याध्यापक नाहीत. उद्या या.

मुख्याध्यापक खरंच नव्हते. हे लिहून बरं वाटलं, म्हणून लिहून ठेवलं.

२४ जून, मंगळवार

आला होता. गुरुवारी या म्हटलं.

२ जुलै, बुधवार

"साहेब, परवा पण आलेलो. तुम्ही जेवायला गेलेलात. नाईट करून सरळ इकडंच येतो मी." सहदेवचे डोळे तांबारलेले. रंभानं न सांगता त्याला पाणी आणि चहा दिला. बाहेरच्या टेबलावर.

आज मुख्याध्यापकही होते. म्हणालो, ग्रंथालयाचं पुस्तक बाकी दिसतंय हिच्याकडे. ते आलं की लगेच.

समीक्षा म्हणाली, "काका, ते मी तुमच्याच हातात दिलेलं. निकालाच्या दिवशी."

"बघतो," म्हणालो.

दिलं होतं तिनं. वर म्हणाली होती, शेवटून दुसरी कविता वाचा काका. मी वाचलीही.

सहदेव मुलीवरच ओरडला. "नीट आठव! साहेब काय खोटं बोलतील?"

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. पोरांनी फुलं दिली. एकेक गुलाब, प्लॅस्टिकात गुंडाळलेला. मी काही शिकवत नाही, पण मलाही देतात. भाऊसाहेब म्हणून लाड!

समीक्षाही आली होती. माजिवड्याहून बापाबरोबर इतक्या लांब. फूल नव्हतं. वाटेत घ्यायचं राहिलं म्हणाली. वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले. तिला वाटलं पायाला लागलं माझ्या.

"दाखला, साहेब?"

सोमवारी या.

११ जुलै, शुक्रवार

हिला सगळं सांगितलं. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शाळा वाचवायचीय तर स्वतःचं काहीतरी घाला ना. दुसऱ्याची पोरगी कशाला घालता?"

म्हटलं, तू समजून घेत नाहीस. ही शाळा गेली तर त्या भिंती, ती घंटा, त्या कविता —

"कविता तुमच्या डोक्यात आहेत. त्यांना कोण बंद करतंय? ती पोर कुठे बसणार ते सांगा."

मी बाहेर जाऊन गॅलरीत बसलो. एकही ओळ आठवेना. दुधवाल्याचा हिशेब तेवढा आठवला.

१८ जुलै, शुक्रवार

धीर करून शिवानी मॅडमना बोलावलं. म्हटलं, समीक्षाचं नाव सोडतो. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे म्हणून विचारतोय.

पदराचं टोक — आता ओढणीचं — बोटाला गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "सासूबाई अंथरुणावर आहेत. जव्हारला गेले तर त्यांना कोण बघणार? नवरा फिरतीवर." आणि उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "पण मी काही सांगितलं नाही हं काका. तुम्ही ठरवा."

सगळे मलाच सांगतात. तुम्ही बघा, तुम्ही ठरवा. मोठं झालं म्हणजे हेच का?

संगणक उघडला होता. तिचं नाव समोर. वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. बटणावर बाण नेऊन ठेवला. मग वीज गेली.

खरंच गेली. पण मग आलीही. मी पुन्हा उघडलं नाही.

२१ जुलै, सोमवार

सहदेव मागच्या सोमवारी आला नाही, आजही नाही. हायसं वाटलं! काय माणूस आहे मी!

५ ऑगस्ट, मंगळवार

सहदेवचा फोन. रागावला नाही. आवाज बारीक.

"साहेब, तिकडची शाळा म्हणते, दहावीला आता घेत नाय. जागा भरल्या त्यांच्या. तुम्ही बोलून बघता का त्यांच्याशी? तुमच्या शब्दाला वजन हाय."

बोललो. तिथल्या क्लार्कबाई सरळ होत्या. "अहो, जुलैत आला असतात तर घेतलं असतं. दाखला मिळायला एवढा वेळ का लागला?"

म्हणालो, आमच्याकडे जरा संगणकाची अडचण होती.

सहदेवला सांगितलं की तिला इकडेच पाठव. तो म्हणाला, "एकटी कशी पाठवू, साहेब? ठाण्याहून गाडी, मग रिक्षा. संध्याकाळ होते. मला तर नाईट." मग म्हणाला, "तुमची काय चूक नाय. आमचंच नशीब."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर!

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती आले. आरतीला मी मोठ्यानं म्हणतो दरवर्षी. या वेळी शेजारचे नाथाभाऊ म्हणाले, आवाज बसलाय का?

३० सप्टेंबर, मंगळवार

पट झाला. तुकडी वाचली. सुदेशनं पेढे पाठवले. शिवानी मॅडमनी ऑफिसात येऊन हात जोडले, डोळ्यांत पाणी. त्या सुखरूप आहेत. हे खरं आहे. हेही लिहून ठेवतो.

रंभानं पेढा घेतला नाही. "उपास आहे." उपास ती कधीच करत नाही. इतकी वर्षं ओळखतो तिला.

दुपारी दाखला काढला. सही कालच घेऊन ठेवली होती. फक्त बटण दाबायचं बाकी ठेवलं. तिला हातात देऊन मगच दाबू म्हटलं. कुठल्या तरी शाळेची सोय करूनच.

४ ऑक्टोबर, शनिवार

दाखला घेऊन माजिवड्याला गेलो. टॉवर सापडेना. सगळे एकासारखे एक. एका रिक्षावाल्यानं आणून सोडलं.

सहदेव फाटकापाशी, निळा शर्ट, खांद्याला पट्टी. मला बघून उठला आणि स्वतःची खुर्ची पुढे केली. "बसा साहेब. उन्हातून आलात." बसलो नाही.

"मागच्या बागेत हाय ती," म्हणाला. "चौदाव्या मजल्यावरच्या मॅडमचं बाळ सांभाळते. त्या कामावर जातात. लोक चांगले हायत."

बागेत बाकावर बसली होती. खांद्यावर बाळ झोपलेलं. मी हाक मारणार तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं. शू! मग आमचं सगळं बोलणं कुजबुजत झालं. अंगावर शाळेचाच टॉप, बिल्ला काढलेला. तिथला कपडा जरा गडद दिसत होता.

"दाखला आणलाय," मी म्हणालो.

"आता?"

टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

म्हटलं, बोर्डाचा फॉर्म मी भरतो. आपल्याच शाळेतून. तू इथे राहून अभ्यास कर, परीक्षेला फक्त ये. पुस्तकं मी आणून देतो. चालीसकट! हसेल असं वाटलं.

"कधी करू, काका? हा दिवसभर असाच. खाली ठेवला की उठतो. रात्री आईबरोबर भांडी." बाळाची मान सावरत म्हणाली, "आणि पप्पा बोलले, आता पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! आमच्या मोहन्यात पुढच्या वर्षावर ठेवलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. काहींची मुलं आता आमच्याकडे पाचवीत आहेत.

मी दाखला पुढे केला. तिनं घेतला नाही.

"राहू दे ना नाव तिथंच. खाली खेळायला येतात त्या मुली विचारतात, कितवीला गं तू. मी सांगते दहावीला. मोहन्याच्या शाळेत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खोटं नाय ना ते, काका?"

"नाही," म्हणालो.

बाळानं कूस बदलली. तिनं पाठीवर थोपटलं, मला हातानंच जा म्हणून खुणावलं. मी चपलांचा आवाज न करता निघालो. फाटकापर्यंत.

६ ऑक्टोबर, सोमवार

शिवानी मॅडम विचारायला आल्या, "काका, पट झाला, आता समीक्षाचं नाव कमी करायचं का?" म्हटलं, राहू द्या. त्यांना वाटलं मी त्यांच्या तुकडीसाठी म्हणतोय. पुन्हा हात जोडले.

बोर्डाचा फॉर्म कोरा ठेवलाय. शेवटच्या तारखेपर्यंत वाट बघीन. सहदेवला दोनदा फोन केला. उचलला नाही. ड्यूटीवर असेल.

हिला माजिवड्याचं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. जेवताना नुसतं वाढत राहिली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सुदेशचा फोन. "काका, कमाल केलीत! दिवाळीनंतर तिन्ही शाळांचं ऑफिस तुमच्याकडेच. मोहन्याला यायला नको. ठाण्याला, संस्थेच्या नौपाड्यातल्या ऑफिसात केबिन देतो तुम्हाला."

नाही म्हणायचं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा मनात जुळवून ठेवलं होतं, चांगलं झालं होतं.

"कधीपासून बसायचं?" विचारलं.