टाकीच्या खोलीतली बाई

चिरंजीव बारक्यास,

मावशीचा आशीर्वाद, हवा तेवढा घे. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, खरंखोटं पुढे कळेलच. तुझी पाठ कशी आहे? खुर्चीत बसून बसून तिची कमान झाली असेल. गेममधले आवाज करणारा तो तुझा मित्र वेळेवर जेवतो का? (फोटोत नुसता चष्मा आणि मान दिसते.) तुझ्या आईला फोन केला तर ती म्हणते, पोरगा मोठा झाला, त्याला बोलायला वेळ नसतो. मी म्हटलं, मोठा झालाय तर एकदा येऊन दाखव म्हणावं, जिन्यातल्या भिंतीवर तुझ्या उंचीच्या रेघा अजून आहेत.

तू कळवलंस की मावशी, आम्ही दोघांनी बनवलेल्या गेमला सगळे छान छान म्हणतात, तू खेळ आणि चांगलं काय, वाईट काय ते खरं खरं लिहून पाठव. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू हं हं करतोस आणि मागे बटणं वाजत असतात. म्हणून लिहायला बसले. शाळेने मला आणि मी शाळेला किती लवकर सोडलं ते तुला माहीत आहे, तेव्हा माझ्या चुका काढू नकोस. मी तुझ्या काढणार आहे, तेवढं पुरे.

तुझा जुना लॅपटॉप माझ्याकडेच होता (त्यावर मी इस्त्रीचे कपडे ठेवत होते, खराब झालेला नाही). पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईने त्यात गेम घालून दिला. तिची ड्यूटी रात्रीची, दुपारी तिने झोपायला हवं, पण झोपत नाही आणि दुसऱ्यांना आराम करा म्हणून सांगत फिरते. अशा गेमला प्लॅटफॉर्मर म्हणतात असं ती म्हणाली. मी उड्यांचा गेम म्हणते. बाणाच्या बटणांनी चालायचं आणि लांब पट्टीने उडी. तुझं ते पिवळ्या स्वेटरचं पोर पहिल्याच खड्ड्यात माझ्या हातून इतक्यांदा पडलं की मला त्याच्या आईची दया आली. नर्सबाई म्हणते, "ताई, उडी मारताना तुम्ही कशाला उठताय खुर्चीवरून?" मी म्हटलं, "मग तो कसा उठणार?"

आता चांगलं आधी सांगते, म्हणजे उरलेलं तू नीट वाचशील. पोराचा पाय काठावरून सुटला, मी पट्टी जरा उशिरा दाबली, तरी ते उडी मारतं. ही तू माणुसकी दाखवलीस. मेलं तर अरेरे नाही, ढॅण ढॅण नाही, लगेच परत उभं राहतं आणि स्वेटर झटकतं, ते मला फार आवडलं. आणि इमारत आपलीच आहे हे मी पहिल्या पायरीलाच ओळखलं. टपालपेटीचं लोंबणारं दार, दुसऱ्या मजल्यावरची फुटकी फरशी, वकिलाच्या दारातलं चपलांचं कपाट, सगळं जसंच्या तसं. नळातून पाणी यायच्या आधी पाइप खाकरतो, तो आवाजसुद्धा घेतलाय तुझ्या मित्राने. मी लॅपटॉप सोडून बादली लावायला उठले होते.

वाईट ऐक. अक्षरं मुंगीएवढी आहेत. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या खड्ड्यात पडलं की थेट खाली टपालपेट्यांपाशी नेऊन सोडता, हा काय छळ आहे? तो जिना मी रोज चढते, करमणूक म्हणून परत कशाला चढू? पोर दोन मजल्यांवरून खोक्यावर पडतं तर काही होत नाही, आणि पाइपचा एक थेंब लागला की मरतं. चौथा मजला तुम्ही घाईत उरकलाय, नाकारू नकोस. तीच भिंत, तीच बादली, परत तीच भिंत. घाईत एकच पोछा फिरवल्यासारखं ते दिसलंच मला. आणि सगळ्या मजल्यांवर अंधार! बल्ब बदलायचं काम माझं आहे, बारक्या. जगभरच्या लोकांनी तो अंधार पाहिला, माझ्याबद्दल काय म्हणत असतील ते? दारांच्या फटींतून उजेड दिसतो, आत माणसं खोकतात, पण पोर धापा टाकत पळतंय तरी एकही दार उघडत नाही. हे वाईटात लिहिणार होते. पण नर्सबाई म्हणाली, ताई, हे तर खरंच आहे. म्हणून खोडलं.

आता तुझ्या गेममधल्या त्या बाईचं. ती पहिल्यांदा आली तेव्हा आम्हाला दिसलीच नाही. नुसत्या चाव्या वाजल्या, मग एक पाऊल आणि एक फरफट, एक पाऊल आणि एक फरफट. नर्सबाईने (ऑपरेशनं बघितलेली बाई) माझा दंड धरला. आणि ती जी खोडी आहे, की पोर थांबलं की बाईही थांबते, पण थांबण्याआधी तिचं एक पाऊल जास्त वाजतं, ती कुणाच्या डोक्यातून निघाली? तुझ्या असेल तर शाबास. मग ती दिसली. अंबाडा, कमरेला चाव्यांचा जुडगा, त्याला लाल दोरा. नर्सबाई माझ्या कमरेकडे बघून म्हणाली, "ताई, ही तुम्हीच." मी म्हटलं, "माझी मान इतकी लांब नाही."

राग नाही आला. नर्सबाईने लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, कुठल्या कुठल्या गावांतली माणसं त्या बाईला घाबरून दिवे लावून झोपतात. जग मला घाबरतं आणि इथे वकील मला कचरा उशिरा नेला म्हणून बोलतो. पण एक गोष्ट मनात अडकून बसली. टाकीच्या खोलीतली बाई मी तुला सांगितलेली, आठवतं? टाकीचं झाकण सैल होतं आणि तू कशावरही चढायचास. कुलूप तू वाकवलेल्या तारेने उघडायला शिकलास, मग मला थाप मारावीच लागली. वर एक बाई राहते, डावा पाय ओढत येते, आवाज आला की पळ. त्याचं मला वाईट वगैरे वाटत नाही. तू हातापायांनी धड आहेस. पण तो पाय मी उगाच लावला होता रे तिला. काहीतरी आवाज हवा म्हणून.

आणि मध्यंतरी मी त्या फुटक्या फरशीवरून घसरले. (तू चित्रात काढलीस, इमारतीच्या मॅनेजरने अजून बदलली नाही.) घोटा गेला. प्लॅस्टर निघालं, पण पाय उचलत नाही, ओढावा लागतो. डावा. तुला कळवलं नाही, कारण तू काय करणार होतास, उडी मारून आला असतास? नर्सबाई व्यायाम करून घेते, हळूहळू बरा होईल म्हणते. तोवर चाव्या आणि फरफट, एक पाऊल आणि एक फरफट. वकिलाची धाकटी नर्सबाईकडे तुझा गेम खेळून आली होती, ती भरदुपारी मला जिन्यात भेटली आणि किंचाळत घरात पळाली. "आई, ती आली!" आई दार उघडून म्हणाली, "अगं, ती आपली चाव्यावाली आहे." पोरगी म्हणाली, "तेच सांगतेय ना!"

मी हसले. सगळेच हसले. पुढच्या दुपारी तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले, इमारतीत सामसूम, माणसं कामावर गेलेली. मी थांबले, आणि एक पाऊल जास्त वाजलं. जिन्यात आवाज घुमतो, मला माहीत आहे, या जिन्यात माझं आयुष्य गेलंय. चाव्या मुठीत घट्ट धरून परत चालले, परत थांबले. परत एक जास्त. आणि आवाज खालून, म्हणजे मी आले होते तिथून, येत नव्हता. वरून येत होता. घुमतो आवाज. नर्सबाईला सांगितलं नाही, ती माझं ब्लडप्रेशर बघत बसली असती.

शेवटचा दोष सांगून आटपते. गेमचा शेवट. पोर चाव्या पळवून टाकीच्या खोलीपर्यंत येतं, बाई मागून येते. दाराला वीट लावलेली. ती वीट मीच लावते, कारण ते दार आपोआप मिटतं आणि आतून उघडत नाही, हे तुला मीच शिकवलं होतं. बाई पोराला शोधत आत जाते. पोर बाहेरच लपलेलं. ते वीट लाथेने उडवतं. दार मिटतं, सगळ्या मजल्यांवर उजेड येतो (आता बरे आले बल्ब!), गोड संगीत लागतं आणि तुमची दोघांची नावं वर सरकतात. आणि नावं संपेपर्यंत आतून ती बाई दार ठोकत राहते. लोक म्हणे इथे टाळ्या वाजवतात. मी लॅपटॉप मिटला, तरी थोडा वेळ ठोकणं चालू होतं. अरे, त्या बाईने पूर्ण गेमभर तुला हात तरी लावला का? मी बघितलंय, पोर मरतं ते पडून, थेंब लागून, तारेला चिकटून. ती नुसती मागे मागे येते. काठापाशी तर ती हात पुढे करते. लोकांना वाटतं ओढायला. मला तसं वाटत नाही.

बाकी गेम चांगला आहे. पैसे घेऊन विकायला हरकत नाही. तब्येतीला जप, खुर्चीतून उठत जा, तुझ्या मित्राला जेवायला घाल.

तुझी,
मावशी

ता. क. पाणी सोडताना वास येतो म्हणून लोकांची तक्रार आहे. टाकी धुवायची राहिली आहे. पायामुळे राहिली असं मी सांगते. मॅनेजर म्हणतो, रविवारपर्यंत टाकी झाली नाही तर दुसरी बाई ठेवतो, मग तुमची खोलीही लागेल तिला. हे तुला काळजी लावायला लिहिलेलं नाही, जागा उरली म्हणून लिहिलं.

आणखी एक. पाय हे निमित्त आहे. मी एकदा गेले होते वर. दार लावलेलं होतं आणि वीट जागेवर नव्हती. ती वीट मी आल्यापासून तिथे आहे, वीट कोण चोरतं? मी हाक मारली, कोण आहे म्हणून. आत पाणी ठिबकत होतं, ते थांबलं. मी खाली आले. (घाबरून नाही. चहा गॅसवर होता.) तर तू रविवारी ये. टाकी मी घासेन, तुला हात ओला करायला नको. तू फक्त बाहेर दार धरून उभा राहा, आणि मी बाहेर येईपर्यंत फोनकडे बघू नकोस. एवढंच काम आहे. गेमचं वगैरे मी सगळं त्याच्यासाठीच लिहिलं, असं समजलास तरी चालेल.

शेवटचं. पाकीट चिकटवणार तोच नर्सबाई लॅपटॉप घेऊन धावत आली. गेम म्हणे सकाळी आपोआप बदलला. शेवट तोच, दार मिटतं, नावं सरकतात, बाई ठोकते. पण नावं संपल्यावर आता पोर परत येतं, दार उघडतं आणि धरून उभं राहतं. बाई बाहेर येते, त्याच्या हातातून चाव्या काढून घेते, त्याचा स्वेटर खाली ओढून नीट करते, आणि मागचा दिवा बंद करून दोघं जिना उतरतात. चार पावलं वाजतात, त्यातली एक फरफट. एकही जास्त नाही, मी कान लावून ऐकलं. नर्सबाई शपथ घेऊन सांगते की तिने तुला माझ्या पायाचं किंवा कशाचंच कळवलेलं नाही, आणि पत्र तर अजून माझ्या हातात आहे. तू केलं असशील तर हा गेममधला सगळ्यात चांगला भाग आहे, तेवढं वरच्या चांगल्यात धर. तू केलं नसशील तर मला सांगू नकोस, नुसता ये. आणि येताना एक वीट आण.